देऊ का नको? प्रतिजैविकांच्या इतिहासातला एक हरवलेला प्रश्न

(तारोडी, भाईंदर पश्चिम इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



'रुग्णालयात अँटिबायोटिक जबाबदारीनं कसं वापरावं' हा विषय सांगितला गेला, तेव्हा आम्ही जरा बिचकलोच. विषय डॉक्टरांचा, आणि आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. नावाआधी 'डॉ.' लागतं म्हणून शेजारचे कधीकधी तापावर गोळी विचारायला येतात. आम्ही त्यांना सांगतो, बाबांनो, आमच्याकडे फक्त प्रश्न मिळतात. आजही एक प्रश्नच घेऊन आलो आहोत. तो अगदी छोटा आहे: 'देऊ का नको?'

ऐंशी वर्षांपूर्वी प्रत्येक अँटिबायोटिकच्या, म्हणजे प्रतिजैविकाच्या, प्रत्येक कुपीपुढे हा प्रश्न उभा राहत असे. मग हळूहळू तो विचारायचा थांबला. रुग्णालयांतल्या ज्या नव्या व्यवस्थेबद्दल आज बोलायचं आहे, ती म्हणजे हा हरवलेला प्रश्न परत आणण्याची धडपड आहे, असं आम्हाला वाटतं. तो हरवला कसा, हे आधी बघू. त्यासाठी फार लांब जायला नको. सुरुवात पुण्यापासूनच करता येते.

फेब्रुवारी १९४४. आगाखान पॅलेस. ऑगस्ट १९४२ पासून गांधीजी तिथे स्थानबद्ध होते, कस्तुरबाही तिथेच होत्या. बांचं हृदय आधीच थकलेलं, त्यात न्यूमोनिया झाला. तेव्हा पेनिसिलिन नवीन होतं, महायुद्ध चालू होतं, आणि जे काही तयार होई ते मुख्यतः सैन्याकडे जाई. धाकटे चिरंजीव देवदास यांनी खटपट करून कलकत्त्याहून विमानानं ते औषध मागवलं. औषध आलं. आता द्यायचं का? ते दर काही तासांनी टोचावं लागणार, हे कळल्यावर गांधीजींनी देवदासना समजावलं, की आता तिला हा त्रास देऊ नकोस. औषध दिलं गेलं नाही. २२ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या दिवशी, बा गेल्या.

या प्रसंगावर पुष्कळ वाद झाले आहेत. गांधीजी बरोबर की देवदास, हा निवाडा आम्ही करणार नाही. पेनिसिलिननं बा वाचल्या असत्या का, हे कुणालाही सांगता येणार नाही. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. एका औषधाच्या कुपीभोवती नवरा, मुलगा आणि डॉक्टर विचार करत उभे आहेत. या रुग्णाला, या घडीला, याचा उपयोग होईल का? त्याची किंमत तिला काय मोजावी लागेल? औषध दुर्मीळ होतं, म्हणून प्रश्न टाळताच येत नव्हता.

त्याच सुमारास दुसरं औषध आलं, स्ट्रेप्टोमायसिन. क्षयावर चालणारं पहिलं प्रभावी प्रतिजैविक. ब्रिटनमध्ये त्याचा साठा इतका थोडा होता, की सगळ्या क्षयरुग्णांना देणं शक्यच नव्हतं. तेव्हा तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं १०७ रुग्णांचे दोन गट पाडले. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत औषधाच्या गटात ४ जण गेले, दुसऱ्या गटात १४. केवढा फरक! पण पाच वर्षांनी पुन्हा मोजलं, तेव्हा पहिल्या गटातले ३२ गेले होते आणि दुसऱ्यातले ३५. जवळजवळ सारखेच. एकटं औषध दिल्यामुळे अनेक रुग्णांच्या शरीरातले क्षयाचे जंतू त्याला पुरून उरले होते. त्यावरून धडा घेतला गेला, की क्षयावर एकच औषध कधी द्यायचं नाही, दोन-तीन मिळून द्यायची.

म्हणजे धोका पुढे कधीतरी कळला, असं नाही. तो पहिल्या दिवसापासून माहीत होता. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक घेताना एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणतो आणि अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, आणि आता पेनिसिलिन चालत नाही. ती मरते. फ्लेमिंग विचारतात, जबाबदार कोण? तिचा नवराच. बघा, दोष एकाचा आणि जीव दुसऱ्याचा. ही गोष्ट आपल्याला पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आता पिंपरीला येऊ. स्वातंत्र्यानंतर सरकारनं ठरवलं, की हे औषध देशातच बनलं पाहिजे. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. युनिसेफनं यंत्रसामग्रीसाठी मदत केली, जागतिक आरोग्य संघटनेनं तांत्रिक साहाय्य दिलं, आणि १९५५ मध्ये पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पुढे स्ट्रेप्टोमायसिनही. तिथल्याच संशोधकांनी, डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, बुरशीवरचं एक औषध शोधलं. त्याचं नाव हॅमायसिन, आणि त्यातला 'हॅ' म्हणजे कंपनीच्या नावातली आद्याक्षरं. पुण्याची माणसं आजही त्या भागाला 'एच. ए.' म्हणूनच ओळखतात.

आमच्या लहानपणी घरातली मोठी माणसं पेनिसिलिनचं नाव देवाचं घ्यावं तसं घेत. बाळंतरोगानं, न्यूमोनियानं, पायाला साधा खिळा लागून माणसं जात होती, ती वाचू लागली. ती पिढी कृतज्ञ होती, आणि ते योग्यच होतं. पिंपरीमागची कल्पनाही मोठी होती: जीव वाचवणारं औषध श्रीमंताची मिरास राहू नये, ते लोकांचं असावं. पुढे त्या कारखान्याची आर्थिक परवड झाली, पण तोवर खासगी कंपन्या शेकड्यांनी उभ्या राहिल्या होत्या. औषध गल्लीतल्या मेडिकलमध्ये आलं, स्वस्त झालं. टंचाई संपली आणि तिच्याबरोबर प्रश्नही संपला. ज्याची उणीव नाही, त्याचा विचार कोण करतो?

याचं फळ काय मिळालं, ते बघायला धारावीत जावं लागतं. तुमच्याकडे धारावी देवीचं देऊळ आहे, धारावीचा किल्ला आहे, पण आम्ही म्हणतो ती मुंबईतली धारावी. तिथल्या खासगी डॉक्टरांचा एक अभ्यास डॉ. मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. क्षयाच्या रुग्णाला तुम्ही कोणती औषधं लिहाल, एवढंच विचारलं होतं. सुमारे शंभर डॉक्टरांनी ऐंशी निरनिराळ्या तऱ्हा सांगितल्या. साधारण वीस वर्षांनी हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तोच प्रश्न त्याच वस्तीत पुन्हा विचारला. २०१० चा तो निष्कर्ष असा: १०६ डॉक्टर, ६३ तऱ्हा, आणि बिनचूक चिठ्ठी लिहिणारे फक्त सहा.

डॉक्टरांना नावं ठेवायला हे सांगत नाही. त्या वस्तीत रोज कमावून रोज खाणारा माणूस येतो. दोन महिन्यांनी बरं वाटलं की औषध सोडतो, पैसे संपले की सोडतो, गावी गेला की सोडतो. परत आल्यावर दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, तो आणखी एक औषध वाढवतो. एकेक औषध असं वाढवत जाणं म्हणजे १९४८ चा धडा उलटा गिरवणं.

डिसेंबर २०११ मध्ये उदवाडिया यांनी चार रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. तपासलेल्या कुठल्याही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. 'पूर्णतः औषधरोधक क्षय' या शब्दांनी मोठा गहजब झाला. हा शब्दच चुकीचा आहे, अशी सरकारी बाजूनं हरकत आली. शब्दाचा वाद बाजूला ठेवा. त्यांतल्या तिघांनी दीड वर्षांत सरासरी चार-चार खासगी डॉक्टर पालथे घातले होते, आणि राखून ठेवण्याची औषधं त्यांना एकेक करून, कित्येकदा चुकीच्या मात्रेत मिळाली होती. देऊ का नको, हा प्रश्न चारही ठिकाणी सुटला होता.

इथवर दुसऱ्यांची गोष्ट झाली. आता आमची सांगतो. ती सांगायला अवघड आहे, पण तिच्याशिवाय आजचं बोलणं खोटं ठरेल.

आमचे दादा, थोरले बंधू, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी एका खासगी रुग्णालयात दाखल झाले. थंडी वाजून ताप, लघवीचा संसर्ग. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी रक्त आणि लघवी कल्चरला पाठवते, मग लगेच अँटिबायोटिक चालू करते. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतील. तो आला की औषध बदलायचं का, ते ठरवू." आम्हाला राग आला. आम्ही म्हटलं, "अहो, तपासण्या कसल्या करता? सगळ्यात स्ट्राँग असेल ते द्या, पैशाची काळजी करू नका." आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस हे बोलत होता! आमच्या पुतण्यानं तर वरच्या डॉक्टरांना फोनही लावला. त्या बाई शांत राहिल्या. त्यांनी त्यांचंच केलं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. त्यात औषधांच्या नावांची यादी असते आणि प्रत्येकापुढे एक अक्षर: 'एस' म्हणजे औषध चालेल, 'आर' म्हणजे जंतू त्याला जुमानणार नाही. वरून खालपर्यंत आर, आर, आर. तळाला एका नावापुढे चालण्याची खूण होती: कोलिस्टिन. जुनं औषध, मूत्रपिंडांना जड, म्हणून मागे टाकलेलं, आणि आता काहीच चालेनासं झाल्यावर पुन्हा बाहेर काढलेलं. ते दिलं. सतरा दिवसांनी दादा गेले. वय होतं, मधुमेह होता. केवळ जंतूंमुळे गेले, असं आम्ही म्हणणार नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी दादांचं कपाट आवरायला घेतलं. बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात अर्धवट पाकिटं निघाली. एकात तीन गोळ्या, एकात दोन, एकात पाच. सर्दी झाली की घेतलेल्या, बरं वाटलं की ठेवलेल्या. सर्दी-पडसं विषाणूमुळे होतं, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांतली दोन पाकिटं आम्हीच, जुनी चिठ्ठी दाखवून, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून दिली होती. भावाच्या मायेनं. फ्लेमिंगच्या गोष्टीतला नवरा आमच्याच घरात बसला होता, मंडळी.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण म्हणतो, 'माझ्या शरीराला औषधाची सवय झाली.' शरीराला सवय होत नाही. पोटात, त्वचेवर, घशात कोट्यवधी जंतू असतात, त्यांतले बरेच निरुपद्रवी. औषध घेतलं की कमजोर मरतात, आणि जे मुळातच त्याला दाद देत नाहीत ते उरतात, वाढतात, आपली युक्ती शेजारच्या जंतूंनाही देतात. हे जंतू आपल्यापाशी थांबत नाहीत. हातावरून, नळीवरून, पलंगाच्या कठड्यावरून ते पुढच्या खाटेवर जातात. म्हणून रुग्णालय हे या संकटाचं माहेरघर आहे. एकाच छताखाली सगळ्यात अशक्त माणसं आणि सगळ्यात जास्त अँटिबायोटिक.

याचा अर्थ असा, की इतर औषधं माझी असतात, हे मात्र एकट्याचं नसतं. मी रक्तदाबाची गोळी घेतली तर तुमच्या गोळीची ताकद कमी होत नाही. अँटिबायोटिकचं तसं नाही. मी ते उधळलं, तर तुमच्या नातवाच्या वाट्याचं थोडं संपतं. जे पुष्कळांचं असतं त्याची काळजी सगळ्यात कमी घेतली जाते, हे ॲरिस्टॉटलनं कधीच सांगून ठेवलं आहे.

पण तुम्हाला हे ॲरिस्टॉटलकडून शिकायची गरज नाही. उत्तनचं बंदर इथून हाकेच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला सरकारी बंदी असते, पण नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची रीत कायद्याहून जुनी आहे. माशांना अंडी घालू द्यायची, पिल्लं वाढू द्यायची. आता एकाच नाखव्यानं होडी ओढून ठेवली आणि बाकीचे गेले, तर त्याचं नुकसान होईल आणि समुद्राचा फायदा काहीच होणार नाही. सगळे थांबले तरच थांबण्याला अर्थ. जाळ्याचंही तेच. बारीक आसाच्या जाळ्यात लहान-मोठं सगळंच येतं. 'स्ट्राँग' अँटिबायोटिक ज्याला आपण म्हणतो ते बहुधा असंच बारीक आसाचं जाळं असतं: हव्या त्या जंतूबरोबर दहा निरपराध जातीही मरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत नको तो वाढतो.

म्हणजे नुसता उपदेश करून भागत नाही, सगळ्यांसाठी एक नियम लागतो. कायद्यानं पाऊल टाकलं. १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-वन' अमलात आलं. त्यात ४६ औषधं होती, त्यांत वरच्या फळीतली बरीच अँटिबायोटिक्स आणि क्षयाची औषधं. ती विकताना दुकानदारानं डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहायचं, आणि ती वही तीन वर्षं जपायची. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिन घालायला बंदी झाली. हो, दादांच्या यादीतलं तेच तळाचं नाव! कोंबडी लवकर भरावी म्हणून ते खाद्यात घातलं जात होतं. आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालकांनी, म्हणजे आपल्या मुंबईच्या केईएममध्ये अनेक वर्षं काम केलेल्या डॉ. अतुल गोयल यांनी, वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना लिहिलं, की अँटिबायोटिक लिहाल तेव्हा ते कशासाठी, हेही चिठ्ठीवर लिहा. बघा, ऐंशी वर्षांनी प्रश्न कागदावर परत आला.

रुग्णालयात हा नियम कसा चालतो? इंग्रजीत याला 'स्टुअर्डशिप' म्हणतात. आम्ही 'विश्वस्तपणा' म्हणू. एक समिती असते: जंतुशास्त्राचे तज्ज्ञ, फिजिशियन, औषधं सांभाळणारे फार्मासिस्ट, परिचारिका. आपल्याच रुग्णालयात गेल्या वर्षात कोणते जंतू सापडले आणि कोणती औषधं अजून चालतात, याचा तक्ता ते करतात. कारण केईएमचे जंतू आणि भाईंदरचे जंतू सारखे असतीलच असं नाही. मग नियम ठरतात. पहिल्या डोसाआधी कल्चर पाठवायचं. दोन-तीन दिवसांनी थांबून पुन्हा बघायचं, की औषध हवंच का, साधं चालेल का, शिरेतून देण्याऐवजी तोंडानं देता येईल का. ऑपरेशनपूर्वीचा डोस चिरा देण्याच्या आधीच्या तासाभरात द्यायचा, आणि बहुतेक ऑपरेशनांत तो पुढे पाच-पाच दिवस ओढत न्यायचा नाही. शेवटच्या फळीतली औषधं समितीला विचारल्याशिवाय द्यायची नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये अँटिबायोटिक्सची तीन गटांत विभागणी केली, तीही याच कामाची: सहज मिळावीत अशी, नजर ठेवून द्यावीत अशी, आणि राखीव. आणि सगळ्यांच्या वर सर्वांत स्वस्त उपाय, हात धुणं. जो संसर्ग झालाच नाही, त्याला औषध लागतच नाही.

कागदावर सोपं वाटतं. पण रात्री दोन वाजता, रुग्ण तापानं फणफणतोय, बाहेर नातेवाईक आरडाओरडा करताहेत, अशा वेळी एकट्या निवासी डॉक्टरला कमी औषध देणं फार जड जातं. जास्त दिल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही. समितीचा खरा उपयोग इथे आहे. तो निर्णय एकट्याच्या खांद्यावर राहत नाही.

आता एक आक्षेप. 'सर, आपल्या देशात कितीतरी लोकांना वेळेवर अँटिबायोटिक मिळतच नाही, आणि तुम्ही काटकसर सांगता?' आक्षेप अगदी रास्त आहे. रक्तात विष भिनलेल्या रुग्णाला पहिला डोस तासाभरात मिळाला पाहिजे, तिथे तत्त्वचर्चा करत बसणं पाप आहे. पाड्यावरच्या न्यूमोनिया झालेल्या मुलाला साधं अमॉक्सिसिलिन मिळालं पाहिजे. विश्वस्त म्हणजे कंजूष नव्हे. विश्वस्त म्हणजे जे आपलं नाही, आपल्याकडे फक्त सांभाळायला आहे, ते योग्य माणसाला योग्य वेळी देणारा. गांधीजींनी ही कल्पना संपत्तीबद्दल मांडली होती. आम्हाला ती पेनिसिलिनच्या कुपीला जास्त लागू वाटते. दुसरं म्हणजे, साधं औषध निकामी झालं तर सगळ्यात आधी मरेल तो त्या पाड्यावरचाच मुलगा. श्रीमंताला महागडं नवं औषध मिळेलही. जगभरात २०१९ या एका वर्षात औषधरोधक जंतूंमुळे सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा लॅन्सेटमधला अंदाज आहे. त्यात गरीब देशांचा वाटा मोठा आहे.

मग आपण काय करायचं? आपण डॉक्टर नाही, पण आपण प्रश्न विचारू शकतो. 'हे कशासाठी? कल्चर पाठवलं का? कधी थांबवायचं?' हे तीन प्रश्न नम्रपणे विचारा. दिलेला कोर्स डॉक्टर सांगतील तसा घ्या, उरलेल्या गोळ्या डब्यात जपू नका. आणि एक वाक्य मात्र तोंडातून काढू नका: 'स्ट्राँग द्या.' ते आम्ही काढलं होतं. त्या डॉक्टरीणबाईंची क्षमा मागायला आम्ही नंतर गेलो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सर, सगळेच म्हणतात." त्यांच्या हसण्यानं आमचं ओझं हलकं झालं नाही, उलट वाढलं. आज इथे बोलायला उभे राहिलो, ते त्याच ओझ्यामुळे.

 आता तुमचे प्रश्न येऊ द्या.